अपुऱ्या दिवसांच्या बाळाचं पोट कसं सांभाळायचं: नव्या आईबाबांसाठी टप्प्याटप्प्याने

एनआयसीयूच्या, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाच्या, दाराशी उभे असलेले आईबाबा रोज एकच प्रश्न विचारतात, ‘आज किती एमएल?’ प्रश्न बरोबरच आहे. पण त्या आकड्याइतकंच दुसरं काहीतरी महत्त्वाचं असतं, आणि ते कुणी आपणहून सांगत नाही. बाळाचं पोट आणि बाळाची शांतता ही एकच गोष्ट आहे. मुदतीआधी जन्मलेल्या बाळाचं आतडं कच्चं असतं, तसंच मज्जासंस्थाही कच्ची असते. एकावर ताण आला की दुसरं लगेच तक्रार करतं. आमची मुलगी मुदतीच्या बरीच आधी आली. तिच्या फाइलमध्ये ‘दूध’ आणि ‘विकासात्मक काळजी’ (आवाज, उजेड, स्पर्श सांभाळून बाळाला शांत ठेवणं) असे दोन वेगळे रकाने होते. तिच्या पेटीजवळ (इनक्युबेटरजवळ) बसल्यावर मात्र दोन्ही कामं एकाच वेळी करावी लागायची.

या लेखातले आकडे तुम्हाला डॉक्टरांचं बोलणं समजावं म्हणून दिले आहेत. तुमच्या बाळासाठीचा निर्णय त्याला रोज तपासणाऱ्या टीमचाच.

१. वय आठवड्यांत मोजायला शिका

३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेलं बाळ मुदतपूर्व. ३२ आठवड्यांच्या आतलं असेल तर फार लवकर आलेलं, २८ च्या आतलं असेल तर अत्यंत लवकर. पुढचं जवळजवळ सगळं या आकड्यावर ठरतं, म्हणून तो पाठ असू द्या. रोजच्या हिशोबात गर्भवय अधिक जन्मानंतरचे आठवडे धरा. २९ व्या आठवड्यात जन्मलेलं बाळ तीन आठवड्यांनी ‘३२ आठवड्यांचं’ होतं.

हे कशासाठी? आतड्याचा आकार वेळेआधी तयार झालेला असतो, पण त्याचं काम नंतर सुरू होतं. दूध पुढे ढकलणाऱ्या लाटा साधारण ३२ ते ३४ आठवड्यांच्या सुमारास लयीत येऊ लागतात. दुधातली साखर पचवणारं लॅक्टेज गरोदरपणाच्या शेवटच्या आठवड्यांत भरपूर वाढतं. चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं या तिन्हींचा मेळ ३२ ते ३४ आठवड्यांच्या आसपास बसू लागतो, आणि पक्का व्हायला आणखी काही आठवडे जातात. म्हणून शेजारच्या पेटीतलं बाळ बाटलीने पितंय आणि आपलं अजून पोटात जाणाऱ्या नळीवर आहे, या तुलनेला काही अर्थ नसतो. दोघांचे आठवडे वेगळे असतात.

घरी गेल्यावरही साधारण दोन वर्षांपर्यंत ‘करेक्टेड वय’ धरायचं. म्हणजे जन्मापासूनच्या वयातून, बाळ जितके आठवडे लवकर आलं तितके वजा करायचे.

२. दूध काढायला त्याच दिवशी सुरुवात करा

या काळात बाळासाठी जे काम फक्त आईच करू शकते, ते हे. आईचं दूध मिळणाऱ्या मुदतपूर्व बाळांना आतड्याचा गंभीर आजार, ज्याला एनआयसीयूत ‘नेक’ म्हणतात, होण्याचा धोका कमी असतो. शिवाय मुदतीआधी बाळंत झालेल्या आईच्या पहिल्या आठवड्यांतल्या दुधात प्रथिनं जास्त असतात.

शक्यतो पहिल्या तासातच सुरुवात करा. तब्येतीमुळे जमलं नाही तर पहिल्या सहा तासांत. चीक अगदी थेंबांनी येतो आणि पंपाच्या भांड्याला चिकटून वाया जातो. म्हणून सुरुवातीला हातानेच काढा आणि थेट एक एमएलच्या सिरिंजमध्ये ओढून घ्या. दोन-चार थेंब निघाले म्हणून रडू नका. ते थेंबसुद्धा बाळाच्या दोन्ही गालांच्या आतून लावतात. बाळाला पोटात दूध देणं सुरू झालेलं नसलं तरीही हे करता येतं. सिस्टरना विचारा.

त्यानंतर २४ तासांत ८ ते १० वेळा, रात्री किमान एकदा धरून. दूध बनवणारं प्रोलॅक्टिन रात्री जास्त असतं. रात्रीची वेळ रोज चुकत गेली तर दोन-तीन आठवड्यांनी दूध आटू लागतं आणि मग ते परत आणायला फार कष्ट पडतात. बाळाला छातीशी घेतल्यानंतर लगेच पंप करून बघा. बऱ्याच जणींना तेव्हा जास्त दूध येतं.

लागणारं सामान: स्तनाला लावायची आपल्या मापाची कुप्पी असलेला पंप, झाकणाच्या निर्जंतुक बाटल्या, न पुसणारं पेन आणि लेबलं. प्रत्येक बाटलीवर बाळाचं नाव, तारीख आणि वेळ. पंपाचे सुटे भाग प्रत्येक वेळी गरम साबणाच्या पाण्याने धुवा आणि युनिट सांगेल तसे निर्जंतुक करा.

साठवणीचा साधारण नियम असा: खोलीच्या तापमानात ४ तासांपर्यंत, फ्रिजमध्ये ४ दिवसांपर्यंत, त्याहून जास्त ठेवायचं तर फ्रीझरमध्ये. बरीच युनिट आजारी किंवा अगदी लहान बाळांसाठी याहून कडक नियम लावतात, आणि तेच पाळायचे. बाटली फ्रिजच्या दारात ठेवू नका, आत मागच्या बाजूला ठेवा. गोठलेलं दूध फ्रिजमध्ये वितळू द्या, २४ तासांत वापरा आणि पुन्हा गोठवू नका. मायक्रोवेव्ह तर नकोच. दूध कुठे कोमट, कुठे पोळणारं होतं आणि त्यातले संरक्षक घटकही मरतात.

आईचं दूध पुरत नसेल तर दुधाच्या बँकेतलं दूध मिळतं का ते विचारा. तिथे दात्यांची तपासणी होते आणि दूध ६२.५ अंशांवर ३० मिनिटं ठेवून पाश्चराइज करतात. ओळखीच्या बाईचं कच्चं दूध आणून देण्याचा सल्ला कितीही मायेने मिळाला तरी नाही म्हणा.

३. नळीतून चाललेलं दूध समजून घ्या

पहिल्या दिवसांत दूध पोट भरायला देत नाहीत, आतडं जागं ठेवायला देतात. याला ट्रॉफिक फीड म्हणतात. दिवसाला दर किलो वजनामागे १० ते २० एमएल. म्हणजे एक किलोच्या बाळाला दर दोन तासांनी जेमतेम एक-दीड एमएल. ते पाहून जीव कासावीस होतो, पण पोटात काहीच गेलं नाही तर आतड्याचं अस्तर पातळ होत जातं. तोवर बाकीचं पोषण शिरेतून चालू असतं.

मग रोज थोडं थोडं वाढवतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या शिफारशींनुसार ही वाढ दिवसाला दर किलोमागे ३० एमएलपर्यंत असू शकते. साधारण १५० ते १८० एमएल दर किलोमागे आलं की ‘फुल फीड’ झालं म्हणतात आणि शिरेतली लाइन काढायचा विचार सुरू होतो. या वाटेवर एखाद्या दिवशी दूध थांबवतात किंवा कमी करतात. असं फार बाळांचं होतं. का थांबवलं आणि पुन्हा कधी बघणार, एवढे दोन प्रश्न विचारा.

फार लहान बाळांना आईच्या दुधात फोर्टिफायर, म्हणजे पोषण वाढवणारा पूरक, मिसळून देतात. तुमचं दूध निकस आहे असा याचा अर्थ नाही. पोटात असताना शेवटच्या महिन्यांत बाळाला जितकी प्रथिनं, कॅल्शियम आणि फॉस्फरस मिळाले असते, तितके थोड्या दुधातून पोचवायचे असतात. फोर्टिफायर सुरू झाल्यावर शी जरा घट्ट होऊ शकते.

४. फीडच्या वेळी बाळाकडे बघा

हा टप्पा मला सगळ्यात मोलाचा वाटतो, म्हणून इथे जरा थांबते.

हायडेलिझ अल्स या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८० च्या दशकात मुदतपूर्व बाळांची हालचाल बारकाईने नोंदवून ‘निडकॅप’ नावाची काळजीची पद्धत उभी केली. बाळ वागण्यातून सतत काहीतरी सांगत असतं आणि काळजी त्याप्रमाणे बदलायची असते, हा तिचा पाया. ताणाच्या खुणांमध्ये श्वासाची लय बिघडणं आणि अंगाचा रंग बदलणं तर आहेच, पण उचकी, उमासा येणं, कुंथणं, दूध वर येणं याही खुणा आहेत. म्हणजे आपण ज्याला ‘पोटाचा त्रास’ म्हणतो तो कधीकधी ‘मला हे फार होतंय’ असा निरोप असतो.

ओळखायच्या खुणा:
- पंजा ‘थांब’ म्हणाल्यासारखा उघडून पाचही बोटं ताठ फाकणं
- पाठ मागे कमानीसारखी ताणणं, पाय हवेत ताठ करणं
- नजर फिरवणं, कपाळावर आठ्या, पुन्हा पुन्हा जांभई किंवा शिंक
- उचकी, तोंडातून दूध येणं
- कातडी चट्ट्यापट्ट्यांची दिसणं, ओठांभोवती फिकेपणा

आणि बाळ बरं असल्याच्या खुणा: हात तोंडाशी, बोटं दुमडलेली, एकसारखा श्वास, चेहरा सैल.

नळीतून दूध देताना सिरिंजचा दट्ट्या काढून टाकतात, दूध आपल्या वजनाने उतरतं. सिरिंज उंच धरली की भरभर, खाली आणली की सावकाश. एकदा मी सिरिंज धरलेली होती आणि मुलीची डाव्या हाताची बोटं एकेक करून उलगडली, भुवया वर गेल्या. सिस्टर मागून म्हणाल्या, ‘आई, हात खाली घ्या.’ सिरिंज तिच्या छातीच्या पातळीला आणली, दुधाची रेषा जवळजवळ थांबली. थोड्या वेळाने तिची मूठ मिटली, मग पुन्हा थोडी उंच केली. फीडला वेळ जास्त लागला, पण उलटी झाली नाही. तुम्हाला सिरिंज धरू देतात का ते जरूर विचारा. अनेक ठिकाणी देतात.

बाकी रोज जमणाऱ्या गोष्टी:

आवाज. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने एनआयसीयूत ४५ डेसिबलची मर्यादा सुचवली आहे, आणि आपलं साधं बोलणंच ६० च्या घरात जातं. पेटीच्या टपावर बाटली, फोन, फाइल काहीही ठेवू नका. बाहेरचा ‘टक्’ आत मोठ्याने घुमतो. पेटीच्या खिडक्या हलक्या हाताने बंद करा.

उजेड. पेटीवर कव्हर असू द्या. कव्हर उघडताना बाळाच्या डोळ्यांवर हाताची सावली धरा.

स्पर्श. हात धुवून, ऊब आणून, आधी हळू आवाजात बोला आणि मगच आत हात घाला. एक हात डोक्याला कवटीसारखा, दुसरा दुमडलेल्या पायांभोवती, आणि हात स्थिर ठेवा. कुरवाळणं, गोंजारणं, थोपटणं या वयात सहन होत नाही. निघतानाही एकेक हात सावकाश काढा. डायपर बदलताना, टोचताना दुसऱ्या कुणीतरी असं धरून ठेवलं तर बाळ खूप लवकर सावरतं.

मांडणी. गुंडाळलेल्या कापडाचं घरटं करून हातपाय मध्यभागी, हात तोंडाजवळ. फीडनंतर एनआयसीयूत कधी पालथं किंवा डाव्या कुशीवर ठेवतात, कारण त्याने दूध वर येणं कमी होतं. पण हे फक्त मॉनिटर लावलेला असतानाच.

झोप. तपासणी, डायपर, तापमान, फीड ही कामं एकत्र करून मधला वेळ सलग झोपू देतात. तुमच्या भेटीची वेळ त्या झोपेच्या मध्यात येत असेल तर सिस्टरांशी बोलून बदलून घ्या.

५. कांगारू केअर मागून घ्या

१९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात पेट्या अपुऱ्या पडत होत्या, तेव्हा डॉक्टरांनी बाळं आईच्या उघड्या छातीशी बांधायला सुरुवात केली. आज ती नाइलाजाची सोय राहिलेली नाही. पाच देशांत झालेल्या, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १ ते १.८ किलोच्या आतल्या बाळांना जन्मानंतर लगेच कांगारू केअर दिली. स्थिर होईपर्यंत थांबलेल्या गटापेक्षा या बाळांमध्ये मृत्यू सुमारे एक चतुर्थांशाने कमी झाले. जागतिक आरोग्य संघटना आता दिवसाला ८ ते २४ तासांची शिफारस करते.

पोटासाठी तर ही मोठीच मदत. बाळ सरळ उभं असतं, आईच्या त्वचेवरचे जंतू आधी त्याच्याकडे येतात, दूध वाढतं, आणि बाळाची ऊर्जा ऊब राखण्यात न जाता वाढीला लागते.

बाळ फक्त डायपर आणि टोपीत, छातीच्या मध्ये सरळ, पाय बेडकासारखे दुमडलेले. डोकं एका बाजूला, हनुवटी किंचित वर, म्हणजे श्वास मोकळा राहतो. वरून कापड घट्ट बांधलेलं. किमान एक तास सलग बसा, कारण पेटीतून बाहेर येणं आणि परत जाणं हीच बाळाची मोठी मेहनत असते. नळीतलं फीड याच वेळी देता येतं. बाबांनीही बसावं, छाती कुणाचीही चालते.

६. साधं काय, तातडीचं काय

साधं, पण सांगून ठेवण्यासारखं: अपुऱ्या दिवसांच्या बाळाची पहिली काळी शी उशिरा होऊ शकते. नाकातून दाबाची हवा, म्हणजे सीपॅप, चालू असलेल्या बाळाचं पोट हवेने गोल दिसतं पण मऊ असतं. लोह सुरू झालं की शी गडद हिरवी किंवा काळपट होते. शी करताना लालबुंद होऊन कुंथणं आणि शेवटी मऊ शी होणं हा बद्धकोष्ठ नव्हे.

लगेच सिस्टरना हाक मारायची ती यासाठी:
- पोट फुगून टणक, चकचकीत, लाल किंवा निळसर दिसणं
- गडद हिरवी उलटी, किंवा नळीतून तसं पाणी येणं
- शीमध्ये रक्त
- बाळ एकदम मलूल, श्वास थांबण्याचे प्रसंग वाढणं, तापमान न टिकणं

ही नेकची चिन्हं असू शकतात. नेक बऱ्याचदा पहिल्या दिवसांत येत नाही. दूध सुरू होऊन बाळ बऱ्यापैकी चाललंय असं वाटतं, तेव्हा येतो. आणि बाळ जितकं लवकर जन्मलेलं, तितका तो जन्मानंतर उशिराने येतो. संशय आला की दूध थांबवतात, एक्स-रे काढतात, अँटिबायोटिक देतात. काही बाळांना ऑपरेशन लागतं. ‘आज हिचं काहीतरी वेगळं वाटतंय’ एवढं वाक्यसुद्धा पुरेसं असतं. कारण नीट सांगता येत नाही म्हणून गप्प राहू नका.

७. नळीपासून तोंडापर्यंत

नळ्या आणि सक्शनमुळे काही बाळांना तोंडाजवळ काहीही आलं की धसका बसतो. म्हणून तोंडाचे चांगले अनुभव लवकर द्या. नळीचं फीड चालू असताना चोखणी, किंवा आधी दूध काढून रिकामा केलेला स्तन चोखू देणं. याने तोंडाने पिण्यापर्यंतचा काळ कमी होतो.

खरं पिणं सुरू करताना घड्याळाऐवजी बाळ बघा. जागं आहे, तोंड शोधतंय, हात तोंडाशी नेतंय, तर द्या. झोपेत असलेल्या बाळाच्या तोंडात निपल घालून हनुवटी हलवणं, बाटली फिरवणं, उरलेलं संपवायला लावणं हा मोठा सापळा आहे. आकडा पूर्ण होतो, पण बाळ दमतं, श्वास अडखळतो आणि पिण्याचा तिटकारा बसतो. कुशीवर धरा, सावकाश प्रवाहाचं निपल घ्या, तीन-चार घोटांनंतर बाटली खाली करून श्वास घेऊ द्या. अर्ध्या तासात जेवढं गेलं तेवढं तोंडाने, बाकी नळीने.

८. घरी जाण्याआधी हातात काय हवं

- डिस्चार्ज सारांश: गर्भवय, जन्मवजन, आताचं वजन, डोक्याचा घेर
- वाढीचा तक्ता, आणि तो कोणता आहे ते (फेंटन किंवा इंटरग्रोथ-२१)
- फीडची लेखी योजना: काय, किती, किती वेळाने, फोर्टिफायर असेल तर मिसळायचं माप
- लोह आणि ‘ड’ जीवनसत्त्वाचे डोस एमएलमध्ये
- डोळ्यांची आरओपी (अपुऱ्या दिवसांच्या बाळांना होणारा डोळ्याच्या पडद्याचा आजार) तपासणी, श्रवण चाचणी, मेंदूची सोनोग्राफी यांचे अहवाल आणि पुढच्या तारखा
- लसीकरणाचं कार्ड
- रात्री फोन करायचा नंबर

औषधाचा डोस ‘किती थेंब’ असा ऐकून घरी जाऊ नका. सिरिंजवर रेघ दाखवून घ्या.

९. घरी आल्यावर

घरी बाळ नेहमी उताणंच झोपवायचं. एनआयसीयूत पालथं झोपायचं म्हणून घरी तसं ठेवणं धोक्याचं आहे. दूध वर येतं या कारणासाठीही नाही.

थोडं दूध बाहेर काढणं आणि वजन नीट वाढणं हे एकत्र असेल तर बहुतेक वेळा काही करावं लागत नाही. आम्ल कमी करणारी औषधं मनाने देऊ नका. मुदतपूर्व बाळांमध्ये त्यांचा संबंध संसर्ग आणि नेकशी आढळला आहे. दूध दाट करण्याच्या पावडरीही नकोत. झँथन गमच्या अशा एका उत्पादनाबद्दल अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०११ मध्येच इशारा दिला होता. प्रोबायोटिकबद्दल तज्ज्ञांत दोन मतं आहेत. जागतिक आरोग्य संघटना आईचं दूध पिणाऱ्या ३२ आठवड्यांखालच्या बाळांसाठी त्यांचा विचार करता येईल म्हणते, तर अमेरिकेच्या नियामक संस्थेने २०२३ मध्ये मुदतपूर्व बाळांतल्या गंभीर संसर्गाबद्दल सावध केलं. म्हणून ते दुकानातून आणायची गोष्ट नव्हे. पाणी नाही, आणि मध तर वर्षाच्या आत अजिबात नाही.

वजन रोज नको, आठवड्यातून एकदा, त्याच काट्यावर. सुरुवातीच्या महिन्यांत दिवसाला सरासरी २० ते ३० ग्रॅम वाढ असेल तर छान. जांघेत फुगवटा दिसला तर डॉक्टरांना दाखवा. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना, विशेषतः मुलग्यांना, हर्निया जास्त होतो. तो टणक, लाल झाला आणि बाळ रडायचं थांबत नसेल किंवा उलट्या होत असतील, तर त्याच क्षणी निघा. हिरवी उलटी घरी झाली तरी तसंच.

वरचं खाणं सुरू करताना जन्मतारखेपेक्षा करेक्टेड वय आणि बाळाची तयारी बघतात: मान धरतंय का, आधाराने बसतंय का, जिभेने चमचा बाहेर ढकलणं कमी झालंय का. बाळाने तोंड फिरवलं तर चमचा खाली ठेवा, काही दिवसांनी पुन्हा द्या. प्रत्येक वेळी उमासे येत असतील किंवा चमचा दिसताच रडत असेल, तर वाट न बघता फीडिंग थेरपिस्टना दाखवा. त्यांच्याकडे कसं पोचायचं हे फॉलोअपच्या पहिल्याच भेटीत विचारून ठेवा.